विहीर बुजवून केलेला रस्ता

घरात पाण्याची एकच घागर होती, तीही निम्मी, आणि पटकी झालेली माणसं दोन होती. माझी चार वर्षांची मुलगी माजघरात पोत्यावर पडली होती. तिच्या पलीकडे माझी सासू, भिंतीकडे तोंड करून. सासूला सगळी गल्ली आक्का म्हणायची, मीही आक्काच म्हणायचे. दोघींचे डोळे खोल गेले होते. मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. तिचा आवाज गेला होता, नुसते ओठ हलत होते. पाणी मागत होती, दुसरं काय मागणार.

दवाखान्यातला कंपौंडर सकाळी येऊन गेला होता. उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेरूनच म्हणाला, "खालच्या विहिरीचं पाणी आता थेंबभर द्यायचं न्हाय. चांगलं पाणी आणा, उकळा, मीठ घाला आन् घोट घोट पाजत ऱ्हावा. जेवढं जातंय तेवढं आत घातलं तर माणूस ऱ्हातंय."

"चांगलं पाणी कुठनं आणू?" मी विचारलं.

"ते मला काय इचारता वैनी?" म्हणाला आणि पुढच्या घरी गेला. तिथंही त्याला हेच सांगायचं होतं.

घागरीत होतं ते खालच्या विहिरीचंच.

दारासमोर रस्ता होता. दोन लॉऱ्या एकमेकींशेजारून जातील एवढा रुंद, सरळ, खडीचा. दारापासून दहा पावलांवर नळाचा लोखंडी खांब उभा होता. त्याला पितळेची तोटी होती. खांबावर गल्लीतल्या बायकांनी लावलेलं हळदकुंकू वाळून चिकटलेलं होतं. त्या तोटीतून तोवर एक थेंब आला नव्हता, कारण तिच्याखाली पाइपच नव्हता. पाइपाचा पैसा रस्त्यात गेला होता.

आमचं गाव निपाणी आणि चिकोडीच्या मधलं, तंबाखूचं. नाव लिहीत नाही. ज्यांनी हे केलं ते सगळे मेले आणि त्यांची नातवंडं मला वाकून नमस्कार करतात. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. माझा नातू बेळगावात नोकरीला आहे. तिथं मच्छे गावाच्या बाजूला नवीन प्लॉट पडलेत, त्याचा नकाशा घेऊन परवा आला आणि म्हणाला, "आज्जी, रस्ता बघ केवढा रुंद सोडलाय." मी विचारलं, "पाण्याचा पाइप कुठून येणार? किती लांबून? दोन घरांत अंतर किती?" तो हसला. त्याच्या पणज्याचंच हसू. माझं डोकं फिरलं. तो गेल्यावर वही घेतली.

मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा चौदा वर्षांची होते, मराठी चौथी पास. आम्ही जैन. माझ्या माहेरी शेती, सासरी तंबाखूची दलाली. गल्ली उतारावर होती, अरुंद आणि मध्यावर वाकलेली. भरलेली बैलगाडी आत आली की चाकाच्या मध्यातून बाहेर आलेला तुंबा दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांपासून वीतभर लांब राहायचा. समोरून दुसरी गाडी आली तर तिनं वाकणावर थांबायचं, हा नियमच होता. घरं एकमेकांना चिकटून. एकीच्या घरची फोडणी पलीकडच्या घरात शिंकायला लावायची.

प्रत्येक दाराला दगडी कट्टा होता आणि एका बाजूच्या कट्ट्यांखालून गटार वाहायचं. घडीव दगडाचं, कुणीतरी फार पूर्वी डोकं वापरून केलेलं. समोरच्या बाजूच्या घरांची मोरी गल्लीखालून आडवी त्यात यायची. गल्लीच अरुंद, म्हणून ही आडवी मोरी चार हातांची. कट्ट्याच्या फरश्या म्हणजेच गटाराचं झाकण. पावसाच्या तोंडावर ज्यानं त्यानं आपली फरशी उचलायची, आपल्या दारापुरतं गटार उपसायचं, फरशी परत बसवायची. म्युनिसिपालटीला ते गटार आहे हे माहीत तरी होतं की नाही, शंका आहे. अख्ख्या गल्लीला कंदिलाचे तीन खांब पुरायचे, कारण एका खांबाचा उजेड दोन्ही बाजूंच्या दारांवर पडायचा. झाडणारी बाई एक. ती एका दमात वरपासून खालपर्यंत झाडून जायची.

आमची गल्ली स्वस्त होती. हे शब्द मला तेव्हा सुचले नसते. गल्ली मोडल्यावर सुचले.

वाकणावर विहीर होती. गोड पाण्याची, खोल, बांधीव. सगळी गल्ली तिचंच पाणी प्यायची. गल्लीच्या तळाशी, ओढ्याच्या अलीकडे, आणखी एक विहीर होती. तिला खालची विहीर म्हणायचे. ती धुण्याची आणि जनावरांची.

आक्का वाकणावरच्या विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायची. आमच्यात सगळेच गाळतात, पण तिच्यासारखं कुणी नाही. गाळून झालं की फडकं उलटं धरून गाळलेल्याच पाण्यानं धुवायची. फडक्यात अडकलेले जीव त्या पाण्यात उतरतात. त्याला जिवाणी म्हणतात. ती ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायची. वरून ओतायची नाही, जीव पडून मरतील. त्यासाठी एक लहान कळशी होती, तिच्या बुडाला कडी होती. ती हळूहळू खाली सोडायची, पाण्याला टेकली की बुडाच्या कडीला बांधलेली दुसरी दोरी ओढायची, मग कळशी पाण्यातच उपडी व्हायची. आक्का हे रोज करायची. ताप असला तरी करायची. जिवाणी सोडल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही.

मला नळ पाहिजे होता. खरं ते लिहिते. रोज पंधरा-वीस घागरी शेंदून माझ्या तळहाताला बैलाच्या मानेसारखे घट्टे पडले होते. डोंगराच्या पायथ्याला तलाव बांधलाय, तिथून पाइपानं गावात पाणी येणार, असं कानावर आलं तेव्हा मला पहिल्यांदा त्या घरात बरं वाटलं. आक्काला ते ऐकून राग आला होता.

मग ओव्हरसियर आला. म्युनिसिपालटीनं बाहेरून आणलेला माणूस, डोक्याला टोपी, हातात साखळी. दोन दिवस गल्ली मोजली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोप्यात बसला. माझे सासरे गल्लीच्या पंचांपैकी. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. आणखी तीन पंच होते, माझा नवरा भिंतीला टेकून उभा होता. मी आणि आक्का दाराआड होतो. मी चहा केला होता.

ओव्हरसियर म्हणाला, "गल्लीला हात लावू नका. मधोमध एक पाइप टाकतो, दर सात-आठ घरांना एक तोटी. गटार तुमचं चांगलं आहे, तेच राहू दे. पावसाच्या आधी पाणी देतो."

"आन् रस्ता?" आप्पा म्हणाले.

"रस्ता आहे की."

"ह्येला रस्ता म्हणता? सायेब, आता मोटारीचा जमाना आला. पलीकडच्या पेठेत लॉरी दारापातूर जातीया. आमचा माल हमालांच्या पाठीवरनं वर न्यावा लागतोय. पाइपासाठी उकरणारच हाय न्हवं? मग एकदाच रुंद करा, सरळ करा. कट्टे आमी काढून देतो. दोन्ही अंगाला चार-चार हात जागा देतो, फुकट."

बाकीच्या पंचांनी माना डोलावल्या. जागा फुकट देतो म्हटल्यावर त्यांना वाटलं खर्चाचा प्रश्नच मिटला.

ओव्हरसियरनं इकडंतिकडं बघितलं. तंबाखूची बोदं शिवायची सुतळी कोपऱ्यात पडलेली होती, तिचा एक वावभर तुकडा तोडून त्यानं घोंगड्यावर ठेवला. म्हणाला, "हा म्युनिसिपालटीचा पैसा. एवढाच आहे. वाढणार नाही." मग पानाच्या तबकातल्या सुपाऱ्या घेतल्या आणि दोन ओळींत जवळजवळ मांडल्या. "ही तुमची घरं." सुतळी दोन ओळींच्या मधून नेली, प्रत्येक सुपारीला टेकवली. "हा पाइप. गटार आहेच. बघा, सुतळी उरली. उरल्यात दिवे, डागडुजी."

मग त्यानं दोन्ही ओळी दोन हातांनी लांब सारल्या. "आता हा तुमचा रुंद रस्ता. आता एका पाइपानं दोन्ही बाजू भागत नाहीत, प्रत्येक तोटीला आडवा फाटा रस्त्याखालून न्यायचा. मोऱ्याही एवढ्या लांब आडव्या येत नाहीत, म्हणून गटार दोन्ही बाजूंना, आणि नवीन, कारण जुनं कट्ट्याखाली होतं आणि कट्टे तुम्ही काढले. दिवे दोन्ही बाजूंना. सगळ्याला सुतळी लागते." तो ती सुपाऱ्यांना टेकवत गेला आणि निम्म्या ओळीतच सुतळी संपली. "आणि खडी मी अजून धरलीच नाही, आप्पा. रुंदी तिप्पट तर खडी तिप्पट. तिच्यावर लॉरी चालली की दर वर्षी पुन्हा खडी."

मला दाराआडून सगळं दिसत होतं. चौथी पास बाईला कळलं. सोप्यातल्या पाच पुरुषांना कळलं नाही असं मी कधीच मानणार नाही.

आप्पांनी शेवटच्या टोकाची एक सुपारी उचलली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "घ्या, एक घर कमी झालं. आता पुरतीया का सुतळी?"

सगळे पोट धरून हसले. माझा नवराही हसला. ते घर कुणाचं होतं ते कुणी विचारलं नाही.

आक्का दारातून म्हणाली, "आन् इहीर? सरळ केला तर वाकणावरची इहीर रस्त्यात येतीया."

"बुजवायची. नळ येणार न्हवं."

"मग माझी जिवाणी कुठं सोडू? तोटीत वरनं वतू?"

एक पंच म्हणाला, "आक्का, तुमच्या किड्यांस्नी लॉरीत बसवून तळ्याला धाडूया." पुन्हा हशा.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आप्पा, आधी पाणी घेऊया. रस्ता मागनं बघूया."

सून पंचांसमोर बोलली होती. आप्पा ओव्हरसियरकडं बघून म्हणाले, "सायेब, नोकरी सांभाळा. चार बुकं शिकलेली सून हाय आमची, उद्या साखळी घेऊन तुमच्या जागी येतीया का काय."

ओव्हरसियरनं माझ्याकडं एकदा बघितलं. त्यानं सुतळी गुंडाळली, आप्पांच्या हातात दिली आणि म्हणाला, "सुतळी तुमची, गाव तुमचं. म्हणाल तसं लिहितो." आणि तसं लिहिलं. आप्पांपेक्षा माझा त्याच्यावर राग जास्त आहे. आप्पांना दारात लॉरी पाहिजे होती, तो त्यांचा हव्यास. ह्याला तर सगळं कळत होतं, आम्हाला मांडून दाखवण्याइतकं कळत होतं, आणि चहा पिऊन उठून गेला.

महिनाभरात कट्टे निघाले. लोकांनी आपल्या हातांनी पहारी मारल्या, वाजतगाजत. ज्यानं आधी कट्टा काढला त्याला मान. गटाराच्या फरश्या आणि कट्ट्यांचे दगड वाकणावर ढीग करून ठेवले आणि त्यांनीच विहीर बुजवली. बाहेरून एक दगड आणावा लागला नाही. त्या दिवशी आक्का शेवटची जिवाणी घेऊन विहिरीवर गेली. खाली दगड टाकायला सुरुवात झाली होती. ती मजुरांना म्हणाली, "थांबा जरा." ते थांबले. तिनं कळशी हळूहळू खाली सोडली, दोरी ओढली, कळशी वर घेतली आणि घरी आली. मागून धडाधड दगड पडायला लागले.

रस्ता मात्र झाला, चांगला झाला. मुरूम, खडी, रोलर. आप्पांच्या दारात लॉरी आली त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. लगेच म्युनिसिपालटीच्या अध्यक्षांनी नळाचे खांब उभे केले, निवडणूक जवळ होती. पाइपाच्या आधी खांब. नारळ फुटले. आक्का गेली नाही. मी गेले. पहिलं कुंकू खांबाला मी लावलं. हे लपवून काय करू?

मग पैसा संपला. ओव्हरसियरच्या सुतळीसारखा, निम्म्यातच. पाइप गल्लीच्या वरच्या तोंडापर्यंत आला आणि थांबला. त्या तोंडाला तंबाखूची मोठी वखार होती, तिला नळ मिळाला. नवीन गटारांसाठी दोन्ही बाजूंना नुसते चर खणून ठेवले होते. ते तसेच राहिले. चाळीस-पन्नास घरांचं सांडपाणी आता त्या उघड्या मातीच्या चरातून उताराला लागायचं. जुनं गटार खालच्या विहिरीला वळसा घालून ओढ्यात जायचं. चर खणणाऱ्यांना सरळ पाहिजे होतं. चर सरळ विहिरीच्या काठाशी जाऊन संपला. झाडणारी बाई म्हणाली, "एवढा रस्ता एकटीनं झाडायचा तर दुसरं माणूस द्या." दुसरं माणूस दिलं नाही, म्हणून ती फक्त वरचा निम्मा भाग झाडायची. दिव्याचे खांब सहा झाले आणि तेल होतं तीन खांबांपुरतं. त्यातून वर्षभरात लॉऱ्यांनी खडी उखडली, तर पाइपासाठी म्हणून जे थोडं बाजूला ठेवलं होतं ते खडीत घातलं. माणसापेक्षा रस्त्याला जास्त खायला लागत होतं.

सासूला विहीर पाहिजे होती. मला नळ पाहिजे होता. दोघींना रस्ता मिळाला.

सगळी गल्ली खालच्या विहिरीवर आली. पाणी मचूळ होतं. आमच्या लोकांनी काय केलं? फडकं दुहेरीचं चौपदरी केलं. गाळलं म्हणजे झालं, असं आमच्या घरांत शंभर पिढ्यांनी मानलेलं. उकळायचं कुणाला सुचलं नाही. उकळून घेण्याचा नेम साधूंचा, आपण संसारी माणसं, आणि जळण लागतं. मीही गाळलं. स्वच्छ दिसत होतं. आक्का जिवाणी रोज त्या विहिरीत नेऊन सोडायची, तितक्याच काळजीनं.

वळवाचे दोन मोठे पाऊस झाले आणि चर फुटून विहिरीत उतरला. चार दिवसांत गल्लीत पटकी आली.

तर त्या दुपारी मी घागर ओतून दिली, रिकामी डोक्यावर घेतली आणि शेजारणीला दोघींजवळ बसवलं. माझा नवरा माल घेऊन कोकणात गेला होता. आप्पा घरात नव्हते. सकाळी आक्काला उलट्या सुरू झाल्या तेव्हा "अपचन हाय, सुंठ द्या" म्हणून वखारीला गेले होते. ते रोज सकाळी जायचे आणि दिवेलागणीला यायचे.

रस्ता चढून गेले. पूर्वी त्या गल्लीत दुपारी दोन्ही बाजूंच्या घरांची सावली पडायची. आता खडी तापून चपलेतून लागत होती. वखारीच्या दारात राखणदार होता. म्हणाला, "बाई, हितला नळ वखारीचा. गल्लीनं भरायचं न्हाय, मालकाचा हुकूम हाय. आत इचारून या."

मी आत गेले. तंबाखू चाळणाऱ्या बायका तोंडाला फडकी बांधून ओळीनं बसल्या होत्या. त्यांच्या चाळण्या थांबल्या. दलालाच्या घरची सून वखारीत येत नसे. आप्पा पलीकडे गादीवर एका व्यापाऱ्यासमोर बसले होते. दोघांचे उजवे हात उपरण्याखाली होते. तंबाखूचा भाव असाच ठरतो, बोटं दाबून, तोंडानं कुणी बोलत नाही. आप्पांच्या बाजूला पाण्याचा माठ होता, त्यावर पेला. नळाचं पाणी. वर्षभर ते हेच पाणी पीत होते. माझ्या मनात ते तोवर आलंच नव्हतं.

आप्पांनी बघितलं. हात उपरण्याखालीच. "घरातली बाई वखारीत? लाज हाय का न्हाय?"

"लाज घरात ठेवली," मी म्हणाले. "पाणी न्यायला आले."

"काय झालं?"

"आक्काला पटकी हाय. पोरीला बी हाय. कंपौंडर सांगून गेला, खालच्या इहिरीचं पाणी इख हाय. तुमी हितं माठातलं पिता आन् आमाला ते पाजता, व्हय? राखणदाराला सांगा नळ सोडायला. न्हायतर हा माठ नेते."

"हळू बोल. लोक बघाय लागल्यात."

"बघू देत की. रस्ता रुंद केलाय, लांबनं दिसतंय."

त्या व्यापाऱ्यानं उपरण्याखालून हात काढून घेतला. भाव मोडला. आप्पांचा हात एकटाच कापडाखाली राहिला. चाळणाऱ्या बायकांतली एक फडक्यातून बोलली, "आप्पा, बाईला पाणी द्या की वो." ते उठले आणि स्वतः जाऊन राखणदाराला सांगून आले. माझ्याबरोबर घरी मात्र आले नाहीत. माल तोलायचा होता.

मी घागर भरली, घरी आणली, गाळली, चुलीवर ठेवली. फडकं धुतलं ते पाणी सवयीनं लहान कळशीत धरलं. पाणी उकळून मीठ घातलं, परातीत गार केलं आणि मुलीला बोट बुडवून, मग चमच्यानं पाजायला बसले. पाजलं की ओकायची. पुन्हा पाजायचं. शेजारीण म्हणाली, "ऱ्हात न्हाय गं आत." मी म्हणाले, "तू वारा घाल, बोलू नगो."

मुलीच्या पोटात थोडं राहायला लागलं तेव्हा आक्काकडं वळले. तिची शुद्ध चांगली होती. पटकीत असतेच. ओठ चिरलेले, जीभ लाकडासारखी. मी वाटी तोंडाला लावली. तिनं मान फिरवली.

"कुठलं?" तिनं विचारलं.

"वखारीचं."

"नळाचं?"

"गाळलंय आक्का. चौपदरी. उकळलंय."

"जिवाणी?"

मी कोपऱ्यातली कळशी दाखवली.

"कुठं सोडणार?"

मी आयुष्यात फार खोटं बोललेली बाई नाही. तेव्हा बोलले. "वाकणावरच्या इहिरीत," म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. ती विहीर बुजून वर्ष होऊन गेलं होतं आणि शेवटची जिवाणी तिनंच सोडली होती. तिला भ्रम झाला असेल, चालून जाईल, असं मला वाटलं होतं. तिला काही भ्रम झाला नव्हता. तिनं दात मिटून घेतले. मी बोटानं ओठ उघडायला गेले तर डोकं हलवलं. "पोरीला दे," एवढंच म्हणाली.

लोक म्हणतात तिनं नातीसाठी पाणी ठेवलं. तसं काही नव्हतं. पाणी घागरभर होतं, आणि पुन्हा आणता आलं असतं. तिनं नेम मोडला नाही, बस्स. ज्यांनी विहीर बुजवली त्यांच्यावर मी जेवढी चिडले आहे तेवढीच तिच्यावरही आहे. त्या दुपारी तिच्या नेमाचं काय करायचं ते मला कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी आणखी चारदा वाटी तिच्या तोंडाला लावली. शेवटी ओढून ओतली तर तिनं ती बाजूनं गळू दिली.

दिवस बुडायच्या आधी ती गेली.

आप्पा आले तेव्हा बायका जमल्या होत्या. मी मुलीला शेजारणीकडं दिलं, कोपऱ्यातली कळशी उचलली आणि बाहेर रस्त्यावर आले. वाकण आता कुठं राहिलं नव्हतं, पण विहीर कुठं होती ते मला घरांवरून कळत होतं. रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. समोरून लॉरी येत होती, ती थांबली. भोंगा वाजवला. मी हलले नाही.

आप्पा दारातून ओरडले, "काय करतीस गं तिथं?"

"इहिरीत सोडते," म्हणाले आणि कळशी खडीवर उपडी केली. दोन ओंजळी पाणी. खडीनं लगेच पिऊन टाकलं. आमच्यात ते पाप आहे. मी ते जाणून केलं आणि त्याचं प्रायश्चित्त घेतलं नाही.

लॉरीवाला बोलला, ते लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर विहिरीत लाल औषध टाकलं, चर बुजवले, कागद लिहिले. ओव्हरसियर पुन्हा कधी आला नाही. आमच्या गल्लीतल्या तोट्यांना पाणी आलं ते देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, पाइपासाठी तोच रस्ता पुन्हा उकरून.

त्या पंधरवड्यात आमच्या गल्लीत दर तीन-चार घरांमागं एक माणूस गेलं. आमच्या घरातनं आक्का गेली. आप्पांना काही झालं नव्हतं, ते आणखी एकवीस वर्षं जगले. नवरा आठ दिवसांनी धडधाकट परत आला. मला चौथ्या दिवशी झाली, मी वखारीचं पाणी पिऊन उठले. मुलगी वाचली. तो प्लॉटचा नकाशा घेऊन आलेला तिचाच मुलगा.